तेल-वायू क्षेत्रात पर्यावरणाचं काम: नागपुरातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

दरवर्षी सीईटीचा निकाल लागला की ओळखीतल्या कुणाच्या तरी मुलाचा नाहीतर मुलीचा फोन येतो. "ताई, पेट्रोकेमिकलला नंबर लागून राहिला, घेऊ का?" आणि मग जरा चाचरत, "पण हे सगळं बंद होणार म्हणतात नं? अन् प्रदूषण तं हेच लोक करतात." पहिल्या प्रश्नाचं उत्तर फोनवर दोन मिनिटांत देता येतं. दुसऱ्याला तेवढ्यात भागत नाही, म्हणून लिहायला बसले.

मी नागपुरातल्या अमरावती रोडवरच्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेतून पेट्रोकेमिकल टेक्नॉलॉजी केलं. तिथे ऑईल टेक्नॉलॉजी नावाची वेगळी शाखा आहे, ती खाद्यतेलाची. पर्याय भरताना अभ्यासक्रम उघडून वाचा, नुसत्या नावावर जाऊ नका. नंतर एका तेल डेपोत अप्रेंटिस, मग पर्यावरण सल्लागार कंपनीत काही वर्षं, आणि आता पूर्व विदर्भातल्या एका बायोगॅस प्रकल्पावर. समुद्रातला प्लॅटफॉर्म मी पाहिलेला नाही, त्यामुळे विहिरी खोदण्याबद्दल काही सांगणार नाही. जे हाताखालून गेलं तेवढंच.

आधी हिशेब

एक लिटर पेट्रोलमुळे हवेत जो कार्बन जातो, त्यातला मोठा वाटा ते आपल्या गाडीत जळतं तेव्हा जातो. जमिनीतून काढणं, वाहून नेणं आणि रिफायनरीत शुद्ध करणं यांचा वाटा त्या मानाने लहान. पण लहान म्हणजे किती? आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२२ साठी केलेला अंदाज असा, की ऊर्जेमुळे होणाऱ्या जगातल्या एकूण उत्सर्जनापैकी सुमारे १५ टक्के तेल-वायू उद्योगाच्या स्वतःच्या कामकाजातून येतं. म्हणजे ५ अब्ज टनांहून थोडं जास्त. हा भाग पूर्णपणे कंपन्यांच्या हातातला आहे. गाडी कुणी किती चालवावी हे त्या ठरवू शकत नाहीत, पण स्वतःचा व्हॉल्व्ह गळतो का हे त्यांनाच पाहावं लागेल.

या कामात शिरल्यावर पहिल्याच आठवड्यात 'स्कोप एक, दोन, तीन' कानावर पडेल. स्कोप एक म्हणजे कंपनीच्या आवारात जे जळतं आणि जे गळतं ते. स्कोप दोन म्हणजे बाहेरून विकत घेतलेल्या विजेमागचं उत्सर्जन. स्कोप तीनमध्ये बाकीची सगळी साखळी येते, त्यात ग्राहकाने जाळलेलं इंधनही आलं. नेट-झीरो म्हणजे जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषून घेऊन वजाबाकी शून्यावर आणणं. भारताने त्यासाठी २०७० साल जाहीर केलं आहे. सरकारी तेल कंपन्यांच्या तारखा त्याच्या बऱ्याच आधीच्या: ओएनजीसी २०३८, एचपीसीएल आणि बीपीसीएल २०४०, इंडियन ऑईल २०४६. ऐकायला छान वाटतं. पण ही उद्दिष्टं मुख्यतः स्कोप एक आणि दोनची आहेत. हे वाचून नाक मुरडायचं कारण नाही आणि टाळ्या वाजवायचंही नाही. कुठला आकडा कशाचा आहे हे समजलं, की या क्षेत्रातले निम्मे वाद आपोआप मिटतात.

शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये मांडली. २०१७ मध्ये इपिएका ही तेल-वायू कंपन्यांची पर्यावरणविषयक संघटना, संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यूएनडीपी आणि जागतिक बँक गटातली आयएफसी या तिघांनी मिळून एक दस्तऐवज काढला. प्रत्येक उद्दिष्टापुढे हा उद्योग काय करू शकतो आणि कुठे नुकसान करतो, ते त्यात मांडलंय. इंटरनेटवर फुकट मिळतो. नवख्याने वाचावाच. मात्र त्यानंतर आलेल्या वार्षिक अहवालांमध्ये त्या सतरा उद्दिष्टांचे रंगीत चौकोन इतक्या सढळ हाताने चिकटवलेले असतात की शाळेला दिलेल्या बाकांपुढेही सहा-सात चौकोन दिसतात. माझी कसोटी साधी आहे: त्या चौकोनापुढे टन, लिटर किंवा माणसं यांपैकी काही मोजलेलं आहे का? नसेल तर पान उलटा.

स्वयंपाकाचा गॅस ही मोजलेली गोष्ट. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली आणि आजवर १० कोटींहून जास्त जोडण्या झाल्या. चुलीच्या धुराने बाईच्या फुप्फुसांचं काय होतं हे विदर्भातल्या खेड्यांत वेगळं सांगावं लागत नाही. तरी गोंदिया-गडचिरोलीकडे फिरताना घरोघरी सिलिंडरशेजारी चूल दिसतेच. चहा आणि सकाळची भाजी गॅसवर, आंघोळीचं पाणी आणि भात चुलीवर. जोडणी दिली हा एक आकडा झाला, वर्षाला किती सिलिंडर भरले हा दुसरा. कुणी पहिलाच सांगून थांबलं तर दुसरा विचारा.

नागपुरात काय आहे

विहीर नाही, रिफायनरी नाही. त्यामुळे 'या लाइनमध्ये जायचं तर मुंबई नाहीतर बडोदा' असं पोरं धरून चालतात. पण सेमिनरी हिल्सवर फिरायला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे की देशातल्या प्रत्येक पेट्रोल पंपाच्या परवान्याचे नियम ज्या संस्थेच्या हाती आहेत, तिचं मुख्यालय तिथेच आहे? पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो. जुने लोक अजून 'एक्स्प्लोझिव्हचं ऑफिस' म्हणतात. खात्याची सुरुवात १८९८ ची. पंपाच्या जमिनीखालच्या टाक्या कुठे बसवायच्या, टँकर कसा असावा, सीएनजीच्या दाबपात्रांची चाचणी केव्हा करायची, सगळं त्यांच्या अखत्यारीत. फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला बाष्प ठिणगीने पेट घेतं तो अंक, २३ अंशांखाली असलेलं पेट्रोलियम 'अ' वर्गात, २३ ते ६५ 'ब' वर्गात आणि ६५ ते ९३ 'क' वर्गात, हे वर्गीकरण पाठ करूनच मुलाखतीला जा.

त्याशिवाय नीरी आहे. हवा, पाणी आणि घातक कचऱ्यावर काम करणारी ही राष्ट्रीय प्रयोगशाळा १९५८ पासून इथे आहे आणि तिथल्या प्रोजेक्ट असिस्टंटच्या जागांवर काम केलेली माणसं पुढे बहुतेक सगळ्या मोठ्या कंपन्यांच्या पर्यावरण विभागांत दिसतात. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, तिथे फायर इंजिनीअरिंगची पदवी मिळते. लक्ष्मीनारायण आणि व्हीएनआयटी या अभियांत्रिकीच्या संस्था आहेतच. खापरी-बोरखेडीकडे इंधनाचे डेपो आहेत, बुटीबोरी आणि हिंगण्याचे कारखाने गॅसची वाट पाहत आहेत, आणि समृद्धी महामार्गाच्या कडेने 'गेल' या सरकारी गॅस कंपनीची मुंबई-नागपूर-झारसुगुडा गॅसवाहिनी इथवर पोचते. जुलै २०२१ मध्ये कामठी रोडवर देशातलं पहिलं खासगी एलएनजी, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूचं, भरणा केंद्र सुरू झालं. इथेनॉलवर धावणारी बस तर आपण २०१४ मध्येच रस्त्यावर पाहिली होती. तेव्हा लोक तिच्या मागे उभं राहून वास घ्यायचे.

एवढं सगळं असताना आपली मुलं पुण्याच्या एखाद्या 'सस्टेनेबिलिटी' सर्टिफिकेटसाठी लाखभर रुपये भरतात, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

डेपोत काय शिकायला मिळतं

डेपोतली अप्रेंटिसशिप कुणाला फारशी आकर्षक वाटत नाही. ऊन, डिझेलचा वास, शिफ्ट, आणि गेटवर मोबाइल काढून ठेवावा लागतो. पण पर्यावरणाचं काम करायचं असेल तर मी तरी तिथूनच सुरुवात करायला सांगेन, कारण माल जातो कुठे हा प्रश्न तिथे रोज सकाळी विचारला जातो.

टाकीत डिप घेतात, म्हणजे मोजपट्टी बुडवून पातळी पाहतात. तापमान आणि घनता घेतात, आणि १५ अंश तापमानाला आकारमान किती भरेल ते काढून मग हिशेब मांडतात. हे एवढं कशासाठी? पेट्रोल एका अंशाला साधारण हजारात एक भाग फुगतं. १२ हजार लिटरच्या टँकरमध्ये १० अंशांचा फरक पडला तर शंभराहून जास्त लिटर हिशेबात नुसते हलतात. एक थेंबही सांडलेला नसतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, पहाटे भरलेला टँकर दुपारी उतरवला की माल वाढलेला दिसतो, उलट झालं की तूट दिसते. ही दिसणारी तूट वजा केल्यावर जी उरते ती खरी. त्यात बाष्प होऊन उडालेलं असतं, पाइपाच्या जोडातून झिरपलेलं असतं, आणि कधी कधी कुणी काढून घेतलेलंही असतं.

उडून जाणारं पेट्रोल हा पैशाचा प्रश्न आहेच. त्यातल्या बेंझिनने कर्करोग होतो, आणि ही बाष्पं उन्हात इतर वायूंशी मिळून जमिनीलगतचा ओझोन तयार करतात. म्हणून पेट्रोलच्या टाकीत पातळीवर तरंगणारं छत असतं, म्हणजे द्रव आणि हवा यांच्यात मोकळी जागाच राहत नाही. म्हणून टँकर वरून भरण्याऐवजी खालून भरतात. आणि म्हणूनच मोठ्या पंपांवर बाष्प परत टाकीत खेचणारी यंत्रणा बसवतात. गाडीत पेट्रोल भरताना नळीच्या तोंडाशी रबरी घडीचं आवरण दिसलं तर ते त्यासाठी. ते फाटलेलं आहे का, आणि यंत्रणेचं बटण चालू आहे का, हे पाहायची सवय लावून घ्या.

इथेनॉल मिसळायला लागल्यापासून डेपो आणि पंपांवरची एक जुनी गोष्ट भलतीच महत्त्वाची झाली: पाणी. साध्या पेट्रोलमध्ये पाणी तळाशी बसतं, पाणी लागलं की रंग बदलणारी पेस्ट लावलेल्या काठीने कळतं, काढून टाकता येतं. इथेनॉल पाणी ओढतं, आणि एका मर्यादेपलीकडे पाणी गेलं की इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यासोबत खाली बसतं. मग सगळी टाकीच वाया. म्हणजे मिश्रण २० टक्क्यांपर्यंत नेण्याचं दिल्लीतलं धोरण जुलैच्या पावसात एखाद्या पंपावरच्या झाकणाच्या रबरी वॉशरवर येऊन टेकतं. मला हे क्षेत्र आवडतं ते याच कारणासाठी.

सुरक्षा हा वेगळा विषय नाही

कॉलेजात सुरक्षा आणि पर्यावरण वेगवेगळ्या पेपरांत शिकवतात. कामाच्या जागी दोन्हीचा साहेब एकच असतो, आणि ते बरोबर आहे.

जयपूरच्या सीतापुरा डेपोची गोष्ट प्रत्येक नवख्याने नीट वाचावी. २९ ऑक्टोबर २००९ च्या संध्याकाळी टाकीतून पेट्रोल पाठवायची तयारी चालू असताना वाहिनीवरच्या हॅमर ब्लाइंड व्हॉल्व्हमधून (वाहिनी पूर्ण बंद करायची जुन्या पद्धतीची झडप) पेट्रोलचा फवारा उडाला. तो थांबवायला गेलेली माणसं बाष्पाने बेशुद्ध पडली. दुरून बंद करता येईल अशी सोय चालू नव्हती. तासाहून जास्त वेळ पेट्रोल वाहत राहिलं, आवारभर बाष्पाचा ढग साचला आणि मग स्फोट झाला. ११ माणसं गेली, सुमारे ६० हजार किलोलिटर इंधन जळालं आणि आग कित्येक दिवस धुमसत राहिली. एम. बी. लाल समितीने नंतर शंभराहून जास्त शिफारशी केल्या. दुरून बंद होणारे व्हॉल्व्ह, टाकी काठोकाठ भरण्याआधी आपोआप थांबवणारी यंत्रणा, हॅमर ब्लाइंड काढून टाकणं. आज कुठल्याही डेपोत गेलात की जे जे नवीन दिसतं, त्यातलं बरंचसं त्या एका संध्याकाळनंतरचं आहे.

आता विचार करा, तेवढ्या जळितातून निघालेला काजळीचा धूर भरून काढायला किती वर्षांचं वृक्षारोपण लागेल? वर्क परमिट, म्हणजे धोक्याचं काम सुरू करण्याआधीची लेखी परवानगी, नीट भरणं हे पर्यावरणाचंच काम आहे. ओआयएसडी, म्हणजे तेल उद्योग सुरक्षा संचालनालय, १९८६ पासून मानकं काढतं. त्यातलं १०५ क्रमांकाचं परमिटवरचं आणि ११८ क्रमांकाचं मांडणीवरचं, एवढी दोन तरी अप्रेंटिसशिपमध्ये जाऊन हाताळा.

गॅस: चांगला, पण गळला नाही तर

वीज तयार करताना कोळशाच्या जागी नैसर्गिक वायू जाळला तर कार्बन डायऑक्साइड साधारण निम्मा होतो. राख नाही, गंधक नाहीच्या बरोबर. कोराडी-खापरखेड्याच्या चिमण्यांखाली राहणाऱ्यांना याचं महत्त्व पटवावं लागत नाही. पण हा वायू म्हणजे मिथेन, आणि न जळता हवेत सुटलेला मिथेन २० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जास्त उष्णता धरतो. उत्पादनापासून शेगडीपर्यंतच्या वाटेत काही टक्के जरी गळला तरी कोळशावरची सगळी सरशी संपते.

म्हणून गॅसच्या धंद्यात सगळ्यात उपयोगाचं पर्यावरणाचं काम म्हणजे गळती शोधून बुजवणं. मिथेन दाखवणारे कॅमेरे असतात, उपग्रहही आता मोठे झोत टिपतात, तरी जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडा पाहणारा फिटर अजून कामाचा आहे. त्याच्याशी दोस्ती ठेवा.

नागपूर भागात याला एक खास पैलू आहे: आपली काळी माती. उन्हाळ्यात ती हात जाईल एवढ्या भेगा देते, पावसाळ्यात फुगते. पाइपावरचं वेष्टण त्या ओढाताणीत सोलवटतं. ओली झाली की तिचा विद्युतरोध घसरतो आणि पोलादी वाहिनी झपाट्याने गंजायला लागते. त्यासाठी वाहिनीला कॅथोडिक संरक्षण देतात. बाहेरून थोडा विद्युतप्रवाह सोडून पोलादाचं विभव, म्हणजे व्होल्टेज, तांबे-तांबे सल्फेट विद्युताग्राच्या तुलनेत उणे ०.८५ व्होल्टपर्यंत किंवा त्याहून खाली ठेवतात. ठराविक अंतरावर शेताच्या बांधावर जे पिवळे चाचणी खांब दिसतात तिथे हे मोजमाप होतं. मी सल्लागार कंपनीत असताना हे खांब शोधत कपाशीतून बरीच हिंडले. शेतकऱ्याला वाटायचं की सरकार पुन्हा जमीन मोजायला आलं. "आता काहून आल्या मॅडम? पैसे तं देऊन राहिले होते नं तुम्ही?" त्याला चहा पिता पिता समजावून सांगणं हेही कामातच येतं. वाहिनीच्या पट्ट्यावर विहीर खणायची नाही, मोठं झाड लावायचं नाही, हे त्याला पटलं नाही तर तुमचा कागदावरचा सुरक्षा आराखडा कागदावरच राहतो.

तणस कुणाचं?

सध्या नवख्यांसाठी सगळ्यात जास्त दारं उघडी आहेत ती जैवइंधनात, आणि मी याच कामात असल्यामुळे जरा लांबण लावते.

ऑक्टोबर २०१८ मध्ये 'सतत' योजना आली. शेतातला, शहरातला किंवा साखर कारखान्यातला सेंद्रिय कचरा कुजवून बायोगॅस करायचा, तो शुद्ध करून दाबाखाली भरायचा आणि तेल कंपन्यांनी तो विकत घ्यायचा. भारतीय मानकाप्रमाणे त्यात मिथेन किमान ९० टक्के लागतो. कंपन्यांनी घ्यायचा म्हणजे घेतीलच असं नव्हतं. म्हणून पुढे शहरी गॅस वितरणात तो मिसळणं बंधनकारक झालं. २०२५-२६ मध्ये १ टक्का, मग ३, मग ४, आणि २०२८-२९ पासून ५ टक्के. माझ्या मते या धंद्याला खरा टेकू या सक्तीने दिला. उद्योग आपणहून किती बदलतो आणि नियमामुळे किती, यावर कुणी वाद घातला तर मी हे उदाहरण देते.

कागदावर विदर्भ या प्रकल्पांसाठी सोन्यासारखा. भंडारा-गोंदियात धान, म्हणजे तणस (भाताचा पेंढा). इकडे वर्धा-यवतमाळात पऱ्हाटी आणि तुराटी, म्हणजे कपाशीच्या आणि तुरीच्या वाळलेल्या काड्या. सल्लागारांचे अहवाल हेक्टरला इतके टन गुणिले हेक्टर करून मोकळे होतात. मग साकोलीकडच्या एका बैठकीत एक आजोबा उठून विचारतात, "तणस तुमाले देऊन टाकलं तं आमच्या बैलायनं का खावं?" पंजाबात कापणी हार्वेस्टरने होते, गव्हाची घाई असते, म्हणून तिथे तणस पेटवतात. आपल्याकडे हाताने कापलेल्या धानाचं तणस म्हणजे गुरांचा चारा, ते मोकळं पडलेलं नसतंच. मोकळं सापडतं ते यंत्राने कापलेल्या बांध्यांत, आणि तेही दिवाळीनंतरच्या थोड्याच आठवड्यांत. तेवढ्यात गठ्ठे बांधायची यंत्रं, ट्रॅक्टर आणि ठेवायला कोरडी जागा हे सगळं जमलं पाहिजे. पऱ्हाटी तर लाकडासारखी. ती कुजवण्यापेक्षा तिच्या कांड्या करून कोळशासोबत जाळणं सोपं. पंजाबचा नमुना उचलून भंडाऱ्यात ठेवला की प्रकल्प कच्च्या मालावाचून बसतो.

म्हणून बायोगॅसमध्ये येऊ पाहणाऱ्यांना मी रसायनशास्त्राच्या आधी गाव शिका असं सांगते. मिथेन तयार करणारे मिथेनोजेन सूक्ष्मजीव काय खातात, गंधकयुक्त वायू कसा वेगळा करायचा, हे सहा महिन्यांत येतं. कुणाकडे किती दुभती जनावरं, तणसाचा भाव कोणत्या महिन्यात चढतो, हे शिकायला जास्त वेळ लागतो. बाहेर पडणारं सेंद्रिय खत विकणं हीदेखील मोठी डोकेदुखी. सरकार त्यावर टनाला १,५०० रुपये मदत देतं, तरी शेतकरी युरियाची पांढरी गोणी पाहूनच थांबतो. आणि एक गोष्ट बोलायला कुणी राजी नसतं: बायोगॅसच्या टाकीतूनही मिथेन गळतो. झाकणाची कड, स्लरीचा हौद, सुरक्षा झडप. हिरव्या रंगाच्या फलकाखाली गळणारा मिथेन काही कमी तापवत नाही. आमच्याकडे महिन्याला गळतीची फेरी होते, आणि ती माझ्याच आग्रहाने सुरू झाली हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

इथेनॉलवर माझं मत जरा आखडतं आहे. मळीपासून केलं तर उत्तम. पण उसाच्या रसापासून किंवा मक्यापासून करताना पाणी आणि धान्य या दोन्हींचा हिशेब द्यावा लागतो, आणि मराठवाड्याच्या शेजारी बसून तो आपल्याला टाळता येत नाही. पानिपतला २०२२ मध्ये तणसापासून इथेनॉल करायचा प्रकल्प उभा राहिला, दिवसाला १०० किलोलिटर क्षमतेचा. रस्ता बरोबर, चढ मोठा.

वापरलेलं खाद्यतेल हा छोटा पण चोख विषय. नागपुरात तर्री पोहे, समोसे, सावजी आणि लग्नसराई मिळून कढईत किती तेल उरत असेल ते सांगायला नको. त्यापासून बायोडिझेल होतं, विमानाचं इंधनही. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनात २०२७ पासून १ टक्का, २०२८ मध्ये २ आणि २०३० मध्ये ५ टक्के शाश्वत इंधन मिसळायचं उद्दिष्ट देशाने ठेवलं आहे. ज्याला नोकरीपेक्षा धंदा करायचा आहे त्याने हॉटेलांच्या मागच्या दाराने फिरायला सुरुवात करावी.

एक कोडं

रिफायनरीबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण ती मला अजून विचारात पाडते. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा या प्रदूषण मानकाचं इंधन आलं. गंधकाचं प्रमाण दहा लाख भागांत ५० वरून १० वर उतरलं. शहराच्या हवेसाठी फार मोठं पाऊल. पण गंधक काढायला हायड्रोजन लागतो, तो नैसर्गिक वायूपासून करतात, आणि एक किलो हायड्रोजनमागे ९-१० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे दिल्लीच्या पोराची छाती वाचवायला रिफायनरीच्या चिमणीतून जास्त कार्बन सोडला. चूक केली का? मला नाही वाटत. आणि हरित हायड्रोजनला, म्हणजे सौर-पवन विजेने पाण्यापासून केलेल्या हायड्रोजनला, पहिलं मोठं गिऱ्हाईक रिफायनरीच का, हे यावरून लक्षात येतं. २०२३ च्या राष्ट्रीय मोहिमेत २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य आहे. अशी दोन उद्दिष्टं एकमेकांच्या अंगावर येतात तेव्हा काय करायचं, हे कुठल्याच अभ्यासक्रमात नीट शिकवत नाहीत.

तयारीबद्दल

'गेट' ही अभियांत्रिकीची राष्ट्रीय परीक्षा द्या, केमिकलचा पेपर. सरकारी कंपनीत थेट जायचं असेल तर तो एक सरळ रस्ता. गेट नसेल तर अप्रेंटिसशिपच्या राष्ट्रीय पोर्टलवर नाव नोंदवून ठेवा. डेपो आणि गॅस भरणा केंद्रांच्या जागा निघतात. औद्योगिक सुरक्षेचा एक वर्षाचा ॲडव्हान्स्ड डिप्लोमा, म्हणजे एडीआयएस, कारखान्यातल्या सेफ्टी ऑफिसरच्या जागेसाठी चालतो, आणि डिप्लोमा केलेल्यांसाठीही मार्ग मोकळा करतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची एनर्जी ऑडिटरची परीक्षा अवघड आहे पण पैसा वसूल. महागड्या सर्टिफिकेटांबद्दल वर बोलले आहेच.

फुकटातला सगळ्यात चांगला अभ्यास असा. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी, तिच्या नियमामुळे पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना दरवर्षी बीआरएसआर नावाचा जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो. दोन तेल कंपन्यांचे उघडा, लागोपाठच्या वर्षांचे. स्कोप एक, स्कोप दोन, पाणी आणि घातक कचरा एवढ्या ओळी एका तक्त्यात उतरवा. मग पाहा: 'तीव्रता (म्हणजे उत्पादनामागे किंवा उलाढालीमागे पडणारं उत्सर्जन) घटली' असं लिहिलेलं असताना एकूण टन वाढले का? उलाढालीने भागलेला आकडा कच्च्या तेलाचा भाव चढला की आपोआप सुधारतो, बरं का. त्यानंतर पर्यावरण मंजुऱ्यांच्या 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर आपल्या भागातल्या एखाद्या प्रकल्पाचा पर्यावरण आघात अहवाल आणि जनसुनावणीचं इतिवृत्त वाचा. लोकांनी काय विचारलं आणि काय उत्तर मिळालं, हे वाचून जेवढं शिकाल तेवढं कुठल्या सेमिनारमध्ये नाही.

मुलींसाठी दोन शब्द. डेपोवर किंवा साइटवर वेगळं स्वच्छतागृह आहे का, रात्रपाळीला गाडी आहे का, आपल्या मापाचे सेफ्टी बूट मिळतील का, हे रुजू होण्याआधी विचारा, लाजू नका. सुरुवातीला मला मिळालेले बूट दोन मापांनी मोठे होते आणि शिडीवर ते धोक्याचं असतं. पगाराचं म्हणाल तर सल्लागार कंपन्या सुरुवातीला कमी देतात आणि फिरवतात भरपूर. दोन-तीन वर्षं काढा, हात तयार होतो, मग पुढे जा.

आता कधी कधी मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसायची वेळ येते. मी एकच प्रश्न ठरवून विचारते: मे महिन्यात उतरवलेल्या टँकरमध्ये माल कमी निघाला, तर आधी काय तपासाल? बरीच मुलं कार्बन न्यूट्रल, नेट-झीरो, ईएसजी असं काहीबाही बोलायला लागतात, कारण जाहिरातीत पर्यावरण असं लिहिलेलं असतं. मागे उमरेडच्या एका मुलीने मला उलट विचारलं, "भरताना तापमान किती होतं, अन् उतरवताना किती?" तिला पुढचे प्रश्न मी फारसे विचारले नाहीत.